आपाच्या भिंतीवरचं कापड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, रूममेटला नाही. संघटनेत तर नाहीच — तिथे जाब विचारणारी मीच होते.

तेव्हा मी टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागात एका संघटनेसाठी निर्वासितांची पत्रकं लिहायचे. 'भिऊ नका, बोला' असली वाक्यं. लिहायला माझं काय जात होतं? नागपूरला माझ्या घराचं दार कोण ठोठावणार होतं?

ताजिकिस्तानातून पळून आलेली काही कुटुंबं रविवारी झरीनाआपाच्या बेसमेंटमध्ये जमायची. सरकारविरुद्ध बोलल्यामुळे देश सुटलेला, आणि नातेवाईक तिकडेच अडकलेले. म्हणून एक नियम पक्का — आत येताना प्रत्येकाने आपला फोन पुलावाच्या रिकाम्या पातेल्यात टाकायचा, वर झाकण. फोटो काढायचा नाही. पातेलं माझ्यापुढे आलं तेव्हा आपा सिनेमातून शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "तुम रहने दो. तुम तो घर की हो."

घरची होते, म्हणूनच फोटो काढता आला. विचारलं का? नाही. पत्रकाला चित्र हवं होतं, बस. चेहरे पुसले — नीट पुसले, स्वतःवर खूशही झाले — आणि संघटनेच्या वेबसाइटवर टाकला. मागच्या भिंतीवरचं भरतकाम तसंच राहिलं. आपाच्या आईने भरलेलं कापड, त्यातलं एक फूल रीतीप्रमाणे अर्धंच सोडलेलं. तिकडे त्या आईच्या गल्लीत ते कोण ओळखत नव्हतं?

काही आठवड्यांनी तिकडे आपाच्या भावाला घरातून उचललं. नेणाऱ्यांनी विचारलं होतं — तुझ्या आईचं ते कापड टोरांटोत कुणाच्या भिंतीवर आहे?

मला लगेच कळलं. मी पहिलं काम काय केलं असेल? फोटो काढून टाकला. आमची इंग्रजी वेबसाइट त्यांच्यातलं कुणी बघत नसे.

मग आतलाच कुणी फितूर, असं ठरलं. संशय फिरदौसअकांवर — अका म्हणजे दादा. ते सगळ्यांत नवे, ट्रक चालवायचे, बोलके. आपाने रडून सुजलेल्या डोळ्यांनी मला विचारलं, तुला काय वाटतं? मी गप्प बसले असते तरी... पण मी गप्पही बसले नाही. म्हणाले, "ते प्रश्न फार विचारतात."

एवढं पुरलं. त्यांच्या सलामाला उत्तर येईना. आश्रयाच्या सुनावणीत ज्यांनी साक्ष द्यायची, ते आलेच नाहीत. मीही गेले नाही. अर्ज फेटाळला गेला.

परत पाठवायच्या आदल्या दिवशी अकांचा फोन आला. "बेटी, तुम को भी लगता है, मैंने किया?"

"नहीं," मी म्हणाले.

पलीकडे ते रडायला लागले. म्हणाले, एकीने तरी भरवसा ठेवला, आता जाता येईल. माझे आभार मानले, दोनदा.

आणि मी ते घेतले.