सुटल्यावर पोरी काय बोलतात

मॅट्रिकनंतर मुंबईच्या दोन कॉलेजांचे कोरे फॉर्म घेऊन मी पनवेलच्या एस.टी. स्टँडवर बसले होते. वडील गाडीच्या चौकशीला गेले होते. कुठलं कॉलेज निवडावं, ते आमच्या घरात कुणालाच कळत नव्हतं.

बाकावर शेजारी गव्हाणचे एक मिठागरवाले काका होते. मिठाने चिरलेले पाय त्यांनी धोतराखाली ओढून घेतले, फॉर्म कुतूहलाने न्याहाळले आणि म्हणाले, "माज्या पोरीच्या वक्ताला मी बी दोन कालेजांच्या फाटकाशी येक येक दिस बसलो. इमारत नाय बघली. सुटल्यावर पोरी काय बोलतान, ता ऐकला."

"काय ऐकलंत?"

"येके ठिकाणी समद्या गप घरी गेल्या. दुसरीकडं दोघी भांडत व्हत्या, समिंदर खारा का म्हनून. जलम मिठात गेला, पन ह्यो सवाल मना कदी पडला नाय. तिथंच घातली पोरीला."

"मग कळलं का, खारा का ते?"

"पोरीनं सांगला," ते लाजत हसले. "आता रोज नवा सवाल इचारतंय मी तिला."

त्यांची गाडी आली. नाव विचारायचं राहूनच गेलं. मुंबईत उतरल्यावर वडील फॉर्म भरायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, आधी फाटकाशी बसू या."