खोडलेलं द्यायचं नाही

माझ्या नवऱ्यासमोर कुठल्याही यंत्राची तक्रार करायची सोय नाही. "आश्रमातला कॉम्प्युटर फार अडकतो गं," असं आत्या एकदा आमच्याकडे जेवताना बोलून गेली आणि हा लगेच हात धुऊन तिच्या मागे लागला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही आणि सव्वीस वर्षं एकाच वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळलं. तिच्या तोंडी लागायला अधीक्षकबाईसुद्धा कचरायच्या.

स्वयंपाक ती करत नसे, ती पानं सांभाळायची. आश्रमात एकसष्ट माणसं. प्रत्येकाच्या खाण्याचं कॉम्प्युटरवर एक पान, आणि ती पानं छापून त्यांचा गठ्ठा ओट्याशेजारी खिळ्याला टांगलेला. डॉक्टरांनी एखादी गोष्ट बंद केली की आत्या ती पुसत नसे. तिच्यावर आडवी रेघ मारायची. मी एकदा कारण विचारलं तर खेकसली, "पुसून टाकलं तर नव्या आचाऱ्याला कसं कळणार हा माणूस काय मागणार ते? म्हातारं माणूस आवडीचं मागतंच. खोडलेलं म्हणजे मागतील, पण द्यायचं नाही."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिने आठ दिवस रजा घेतली, आणि नवऱ्याने नेमका तोच मुहूर्त साधला. जुनी सिस्टिम काढली, नवी टाकली. आत्याच्या फायली नव्या सिस्टिमवर उघडेनात. शहाण्या माणसाने तिला फोन केला असता. याने एका ओळीची कमांड लिहून सगळी पानं साध्या मजकुरात बदलली, नवा गठ्ठा छापून खिळ्याला टांगला आणि जुना, तेलकट म्हणून, कचऱ्यात टाकला. घरी येऊन वर मलाच ऐकवलं, "चार मिनिटांत एकसष्ट फायली!" मीही मूर्खासारखी त्याला शाबासकी दिली.

साध्या मजकुरात रेघ टिकत नाही. अक्षरं आली, रेघा गेल्या. आचारी महिन्याभरापूर्वीच लागलेला. एरवी आत्या जेवणाच्या वेळी त्याच्या शेजारी उभी असायची, आता समोर फक्त कागद. त्याने कागदावर होतं ते दिलं. साखर वर्ज्य असलेल्या तिघांना चार दिवस जॅम मिळाला, आणि त्यांची काहीच तक्रार नव्हती. पाचव्या दिवशी मास्तरांनी चहाबरोबर टोस्ट मागितला. हे मास्तर शाळेत गणित शिकवायचे. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून कोरडं काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. टोस्ट अडकला, चेहरा काळानिळा पडला. नर्सने पाठीत धपाटे घालून तो काढला म्हणून वाचले.

पानावर टोस्ट होता आणि खाली आत्याचं नाव होतं. अधीक्षकबाईंनी तिला लेखी कळवलं, की सोमवारी येऊन खुलासा करा, नाहीतर चूक मान्य असल्याच्या कागदावर सही करून काम सोडा.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला धारेवर धरलं.

"अक्षर न अक्षर बरोबर आलंय," तो म्हणाला. "हवं तर जुळवून बघ."

"आणि रेघा?"

"रेघ म्हणजे मजकूर नाही. ती सजावट असते."

"सजावट? माणूस मरत होता!"

"एवढी महत्त्वाची गोष्ट रेघेने सांगतं का कुणी? 'देऊ नये' असं लिहायचं सरळ."

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं. मी त्याला अतिशहाणा म्हटलं, आगाऊ म्हटलं, त्याच्या आईलाही मधे ओढलं. चार दिवस आम्ही भिंतीकडे बघून जेवलो. एक बरं, जुनी डिस्क त्याने फेकली नव्हती. तिच्यावर आत्याच्या मूळ फायली होत्या. मी बजावलं, "सोमवारी ही घेऊन यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, रेघा मी घालवल्या."

सोमवारी तो आला. मुकाट्याने जुनी डिस्क जोडून तिच्यावरची जुनी सिस्टिम सुरू केली आणि अधीक्षकबाईंसमोर आत्याची मूळ पानं एकेक करून उघडली. पहिल्यावर रेघा. दुसऱ्यावर रेघा. प्रत्येक पानाला मी "बघा" म्हणत होते. मला चेव चढला होता. आत्या काळा चष्मा लावून खुर्चीत ताठ बसली होती. दहाबारा पानं झाल्यावर अधीक्षकबाईंचा आवाजही मवाळ झाला. त्या म्हणाल्या, "मास्तरांचं दाखवा, म्हणजे विषय मिटेल."

त्याने मास्तरांचं पान उघडलं. साखरेवर रेघ होती. लोणच्यावर होती. टोस्टवर नव्हती.

डॉक्टरांनी टोस्ट बंद केला तो आत्याच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात. तेव्हा तिला पडद्यावरचं धड दिसतही नव्हतं. रोज ओट्याशी उभी राहून ती आचाऱ्याचा हात अडवत होती, पण पानावर रेघ मारायची राहिली होती.

नवऱ्याने घसा खाकरला. "ही फाईल मी आधी नव्या सिस्टिमवर उघडून बघितली होती," तो म्हणाला. "तेव्हाच गेली असणार इथली रेघ. माझ्याच हातून."

तो धडधडीत खोटं बोलत होता. नव्या सिस्टिमवर ती फाईल उघडतच नव्हती, आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. चार दिवस ज्याचा मी उद्धार केला, त्याचं हे खोटं पचावं असं मला मनापासून वाटलं.

आत्याने चष्मा काढला. पडद्याला नाक लागेल इतकी वाकली आणि मास्तरांचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

"जावईबापू," ती म्हणाली, "तुमच्या साठ आहेत. त्यांत माझी एक घालू नका."

आणि अधीक्षकबाईंपुढे हात केला, "द्या तो कागद. सही कुठे करायची?"