कंसातल्या नऊ जणी

"आमच्या बॅचला नऊ मुली होत्या. तुमच्या नव्या अंकात त्यातली एकही नाही. उलट भलत्याच नऊ बायका आल्या आहेत. चौकशी व्हावी."

हा ईमेल बदलापूरच्या एका माजी विद्यार्थ्याचा. प्रधान सरांनी तो मोठ्याने वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. सर विद्यापीठाच्या वार्षिक अंकाचे इनचार्ज. त्यात दर वर्षी माजी विद्यार्थ्यांची बॅचवार यादी असते. मी डिझायनर. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यावर माझं छोटं ऑफिस आहे. खाली मशीन सुरू झाली की माझं टेबलही थरथरतं.

त्या वर्षी मी अंकाचं रूप पार बदललं होतं. नवे फॉन्ट, मोठे फोटो, भरपूर मोकळी जागा. हे रूप ठेवायचं की जुन्यावर परत जायचं, हे कमिटी वाचकांचे रिस्पॉन्स बघून ठरवणार होती. म्हणजे माझं पुढच्या वर्षीचं कामही त्यावरच होतं. सरांनी सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सोमवारी कमिटी आहे. हे काय प्रकरण आहे ते तुम्हीच शोधा."

बहुतेकांनी छान छान लिहिलं होतं. दोघांना अक्षर बारीक वाटलं. एकाला स्वतःचा फोटो जाड वाटला, त्याला माझा इलाज नव्हता. पण बायका हरवल्याची तक्रार एकट्या बदलापूरकरांची नव्हती. तशी सात-आठ पत्रं होती. आणि त्यातच अंबरनाथहून आलेलं एक हाताने लिहिलेलं पत्र होतं, शोभा वाघमारे यांचं. "यादीत पान चौसष्टवर माझे नाव आहे, पण ती मी नाही. वडील विचारतात, तुझी पदवी काढून घेतली का? पदवी कायम असल्याचे कृपया लेखी कळवावे."

नाव आहे, पण ती मी नाही. हे काय गौडबंगाल? ऑफिसला येऊन मी विद्यापीठाच्या फाईलमधली आणि छापलेल्या यादीतली नावं मोजून बघितली. एकही नाव गळालेलं नव्हतं. मग जुना अंक शेजारी ठेवला, आणि जेवणाचा डबा तसाच राहिला.

जुन्या अंकात होतं, 'शोभा वाघमारे (पू. साळवे)'. पू. म्हणजे पूर्वाश्रमीची. नव्या अंकात नुसतंच 'शोभा वाघमारे'. कंस मीच उडवले होते. मी एका पानावर तीन कॉलम केले होते. अरुंद कॉलममध्ये लांब नाव मावत नाही, दुसऱ्या ओळीत लोंबतं. बायकांची तेवढी नावं लोंबत होती. कॉम्प्युटरला एक कमांड दिली की सगळे कंस आतल्या मजकुरासकट जातात. अर्धं मिनिट लागलं. सरांनी प्रूफ बघून "क्लीन दिसतंय" म्हटलं होतं, आणि मीही खूश होते. काही सिंधी मुलींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. कॉलेजातली कविता आता पूजा झालेली, आडनावही नवं. तिला बॅचवाल्यांनी ओळखायचं तरी कसं?

मला स्वतःचीच लाज वाटली. लग्नानंतर माझंही आडनाव बदललंय. तरी हे माझ्या लक्षात येऊ नये?

माफी फोनवरही मागता आली असती, पण पदवी काढून घेतल्याची शंका कुणाला कशी येते, हे मला बघायचंच होतं. शेअर रिक्षा बदलत अंबरनाथला गेले. शोभाताई निवृत्त मुख्याध्यापिका. वडील त्यांच्याकडेच राहतात. मी जय भीम केला. वडिलांनी हात जोडले आणि मी बसायच्या आत विचारलं, "मस्टरवरून पोरीचं नाव का कमी केलं?"

बाबांची सगळी नोकरी फॅक्टरीत गेली. मस्टर म्हणजे हजेरीचं पुस्तक, गैरहजेरीचा खाडाही त्यातच पडतो. त्यातून नाव गेलं की माणूस कामावरून गेला, एवढंच त्यांना माहीत. दर वर्षी अंक आला की ते भिंग घेऊन यादीत कंसातलं 'साळवे' शोधत. त्यांच्या घरातली पहिली पदवी ती. या वर्षी साळवे सापडलंच नाही. मी पान उघडून 'शोभा वाघमारे' दाखवलं, ही तीच, असं समजावून सांगितलं.

"परीक्षेला सायकलवर डबलसीट मी सोडायचो," बाबा म्हणाले. "वाघमारे तेव्हा कुठं होते?"

"नाशिकला," शोभाताई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. बाबा हसले नाहीत.

चूक माझी, पुढच्या अंकात कंस परत टाकते, असं मी कबूल केलं. शोभाताईंनी मान हलवली. "टाका, पण उलटे टाका. साळवे बाहेर, वाघमारे आत. मला वाघमाऱ्यांचा राग नाही हो. पण बी.एस्सी. साळवे झाली."

सोमवारी कमिटीपुढे मी आधी माझी चूक सांगितली आणि मग शोभाताईंचं म्हणणं. सरांना ते पटेना. अख्खी यादी परत लावावी लागेल, वर नवरेमंडळी भांडायला येतील. मी एवढंच विचारलं, की डिग्रीवर कुठलं नाव आहे? सरांनी पेन उघडून यादीवर खूण केली. मग म्हणाले, "ओके. डिग्रीवरचं नाव बाहेर." नवं रूपही राहिलं. माझे तीन कॉलम मात्र दोन झाले.

पुढच्या अंकाला बदलापूरकरांचा रिस्पॉन्स पहिला आला. नऊच्या नऊ सापडल्या, आठ जणींशी फोनवर बोलणं झालं. नववी ओळख देत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे, असं त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं होतं. एका गृहस्थांनी विचारलं होतं, एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मी कंसात? ते पत्र मी सॉफ्टबोर्डला लावून ठेवलंय. आता कुठलाही मजकूर उडवण्याआधी मी त्याच्याकडे एकदा बघते. पान क्लीन करताना बहुधा कुणीतरी माणूसच पुसला जातो, एवढं त्यातून शिकले.

त्यानंतर आठवड्याने शोभाताईंचा फोन आला. बाबांनी भिंग घेऊन 'स'मध्ये साळवे शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग त्यांनी विचारलं, मधल्या वर्षाचा खाडा धरला का?

मी म्हटलं, "बाबांना सांगा, खाडा धरलाय. पण माझ्या नावावर."