खोट्या पट्ट्यावरचा माणूस

आमची वहिनी कारखाने बंद पाडायचा पगार घेते. खरे नव्हेत, खोटे. एखाद्या कारखान्याचं कंट्रोल पॅनेल तयार झालं की आधी ते तिच्या खोलीत येतं. ती त्याला कॉम्प्युटरमधला कारखाना जोडून देते. तिथल्या मोटारी, माल वाहणारे सरकते पट्टे, सेन्सर सगळं लटकं. पण पॅनेल बिचारं खरं समजून राबतं. मग ही मुद्दाम खोकी अडकवते, सेन्सर आंधळे करते, मधेच वीज घालवते. उंटावरून शेळ्या हाकतेस, असं मी तिला चिडवते. नणंदेचा हक्कच आहे तो.

मागे एक पॅनेल आलं, ते नेमकं माझ्या धाकट्या भावाच्या कारखान्याचं. हा पॅकिंगच्या पट्ट्यावर असतो आणि घरात त्याला वादळ म्हणतात. खोकं अडकून पट्टा थांबला की हा बंदचं बटण न दाबताच जाळी उघडून हात घालतो. जुना पट्टा रेंगाळत सुरू व्हायचा, म्हणून आजवर निभावलं. वहिनीने कितीदा समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

पॅनेल सगळ्या चाचण्यांत पास झालं. दुसऱ्या दिवशी ते न्यायला ट्रक येणार होता. साहेब खुशीत होते. वहिनीला मात्र चैन पडेना. तिने खोट्या पट्ट्यापाशी एक माणूस उभा केला आणि त्याला आमच्या वादळाची सवय लावली. त्याने खोकं ओढलं, सेन्सर मोकळा झाला आणि पट्टा तत्क्षणी सुरू झाला. माणसाचा हात अजून आतच होता.

तिने साहेबांना आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बोलावून ते दाखवलं.

प्रोग्रॅम लिहिणारा म्हणाला, बटण दाबूनच जाळी उघडायची असा नियम आहे, असं कोण कशाला करेल?

"माझा दीर करतो," वहिनी म्हणाली.

साहेबांनी ट्रकची आठवण करून दिली. वहिनीने पॅनेल पास केल्याची सही करायला साफ नकार दिला. साहेब आदळआपट करत निघून गेले; प्रोग्रॅमवाला मात्र हसला आणि दुरुस्तीला बसला. ट्रक रिकामा परत गेला. मग वहिनीने वादळाच्या माहीत होत्या तेवढ्या सगळ्या खोड्या त्या खोट्या माणसाकडून करून घेतल्या. पट्टा हलला नाही.

नवीन पॅनेल बसल्यावर वादळ आमच्याकडे जेवायला आलं, ते तणतणतच.

"कुठल्या शहाण्याने बनवलंय कोण जाणे, वहिनी. खोकं काढलं तरी ढिम्म. जाळी लावा, पार टोकाला चालत जा, बटण दाबा, मग महाराज हलणार."

एकेका तक्रारीला तो एकेक बोट मिटत होता. वहिनी नुसती त्याच्या हाताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती.

"अजून आहेत का तक्रारी, भावजी?"

"आहेत तर," म्हणत त्याने दुसरा हात पुढे केला.