दुसऱ्या छपराखालची बरणी

"साबणाने? ड्रॉपर साबणाने धुतलात तुम्ही?"

"मग कशाने धुवायचा, मावशी? दुधाने?"

"नुसत्या पाण्याने! तेही दोन दिवस उघडं ठेवलेल्या, क्लोरीन उडालेल्या. आणि तोच ड्रॉपर तिन्ही बरण्यांत बुडवलात?"

"एकेक थेंब तर काढला. एवढं काय आभाळ कोसळलं?"

"अकरा वाजता बाहेरचे परीक्षक येतायत, सर. त्यांना काय दाखवणार? फेस?"

जीवशास्त्राच्या नव्या सरांनी ड्रॉपर खाली ठेवला. थेंबमावशीने, म्हणजे प्रयोगशाळेच्या मदतनीस बाईने, एकेक बरणी काळ्या कागदासमोर धरून पाहिली. एरवी काचेलगत पांढरी वळवळ दिसायची, जणू पाण्यालाच खाज सुटलीय. आज पाणी ढिम्म. तिने थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फुटलेली पोटं, विखुरलेले कण.

"चपला गेल्या," ती म्हणाली.

चपला म्हणजे पॅरामिशियम. चपलेच्या तळव्यासारखा एका पेशीचा जीव. अंगभर बारीक केस, ते वल्ह्यांसारखे मारत पळणारा. "मावशी, आज चपला किती जोड?" असं विचारल्याशिवाय पोरांचं प्रॅक्टिकल सुरू होत नसे.

एकोणीस वर्षांपूर्वी ती तीन महिन्यांच्या बदलीवर आली होती, आणि टिकली ती या चपलांमुळे. निवृत्त होणाऱ्या म्हाताऱ्या मदतनिसाने तिला सगळं हाताला धरून शिकवलं. गव्हाचे चार दाणे उकडून घालायचे. ते कुजले की जिवाणू वाढतात, आणि जिवाणूंवर चपला जगतात. महिना झाला की अर्धं पाणी नव्या बरणीत. घरी सासू करवादायची, "मला चहा विचारायला सवड नाही, आणि न दिसणाऱ्यांना गहू उकडतेस!"

शिकली होती सातवीपर्यंतच. पण पेशीत शिरलेलं जास्तीचं पाणी उपसून बाहेर टाकणारी ती इवलीशी पिशवी तिने झोपेतही ओळखली असती. पेशी मधोमध आवळत जाऊन एकीच्या दोन होताना तिने शंभरदा पाहिल्या होत्या.

"यातली आई कोणती, लेक कोणती?" एकदा एका पोरीने विचारलं होतं.

"इथे आई नाही, लेक नाही, सासू तर नाहीच. म्हणून तर बघ, कशा पळतायत!"

आज मात्र पळत होते ते तिचे हात. पुसलेलं टेबल तिने पुन्हा पुसलं, मग तिसऱ्यांदा. एप्रनच्या खिशातला कागद पोटाला टोचत होता: उद्यापासून फाटकावरच्या नोंदवहीशी बसावे. खाली याच सरांची सही. तयार काचपट्ट्या विकत मिळतात, मग मदतनीस हवीच कशाला, असं त्यांनीच लिहून दिलं होतं.

"आपण तयार काचपट्ट्या लावू," सर म्हणाले.

"त्या मेलेल्या, सर. रंगवून चिकटवलेल्या. आणि पेपरात काय विचारलंय? 'हालचाल पाहून लिहा.' काय लिहायचं पोरांनी? 'स्वस्थ पडून आहे'?"

सर स्टुलावर बसले. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं. "काहीतरी करा ना, मावशी."

म्हाताऱ्याने शेवटच्या दिवशी बजावलं होतं, एक बरणी कायम दुसऱ्या छपराखाली ठेव. ती बरणी एकोणीस वर्षं तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. आणावी? की पडू द्यावं ह्यांना तोंडघशी? ती दारापर्यंत गेली, परत फिरली. बाहेर बाकावर पोरं एकमेकांना पाठांतर म्हणून दाखवत होती. "केंद्रक दोन, मोठं आणि छोटं, मोठं आणि छोटं…" आता मात्र तिने चप्पल पायात सरकवली आणि धावत सुटली.

अकराला दहा कमी असताना टॉवेलात गुंडाळलेली बरणी टेबलावर आली. परीक्षकांनी डोळा लावला तो काढेचनात.

"वा! काय टवटवीत आहेत!"

"एकोणीस वर्षं जपल्यात आम्ही," सर म्हणाले.

मावशीने त्या 'आम्ही'कडे नुसतं पाहिलं. सरांना इथे येऊन एकोणीस आठवडेही झाले नव्हते.

दुपारी पोरं पांगली. मावशी बरणी उचलायला गेली तसे सर आडवे आले. "राहू द्या हं इथेच. तशी कॉलेजचीच ना ती."

"आणि माझा कागद?"

सर चष्मा पुसू लागले. "त्याची प्रत आता वर गेलीय. माझ्या हातात काय आहे?"

"सही तुमच्याच हाताची आहे."

"तुम्ही फाटकावरच तर असाल, मावशी. लागलं तर विचारीन की."

मावशीने रिकामी बरणी शिळ्या पाण्याने विसळली. दोन्ही बरण्या शेजारी ठेवून पातळी डोळ्यांनी मोजत बरोब्बर अर्धं पाणी ओतलं. एक बरणी सरांपुढे सरकवली, दुसरी टॉवेलात गुंडाळली.

"अर्धीच? बरं, चालेल. आणि ते गहू… किती दिवसांनी घालायचे?"

तिने एप्रन काढून खुंटीला लावला.

"पाणी किती दिवस उघडं ठेवायचं म्हणालात? दोन? मावशी, झाकण लावायचं की नाही, तेवढं तरी सांगा!"

सकाळपासून भिरभिरणारी मावशी, बरणी छातीशी धरून, आतलं पाणी हिंदकळू न देता, एकेक पाऊल जपून टाकत दाराबाहेर पडली.