बारीक झालेले गृहस्थ

लातूर टँकरच्या पाण्यावर दिवस काढत होतं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. लिव्हरच्या तपासणीसाठी मी एकटीच दवाखान्यात बसले होते. शेजारी उदगीरचे एक दुकानदार येऊन बसले. सदरा इतका ढगळ की आत दोन माणसं मावावीत. गळ्यातलं इष्टलिंग ते सदऱ्यावरूनच सारखं चाचपत होते. वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन त्यांना वर्ष झालं होतं. माझं तेच ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं.

"मग आता काळजी कसली?" मी विचारलं.

"वजन उतरलेलं समद्यांना दिसतं, ताई. लिव्हर कुणाला दिसतं? चरबीनं कडक झालं होतं. आयुष्यात दारूला शिवलो न्हाई, तरी लोक इचारतात, किती प्यायचा म्हणून."

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. मी दाराकडेच बघत बसले. बाहेर आले तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "चरबी गेली. लिव्हरवरचा वण हाय तसाच हाय, पण वाढला न्हाई. दर वर्षी दाखवावं लागंल. तवर उदगीरचा जिल्हा झाला तर बरं, लातूरपतूर यायला नको."

ते हसले, पण हात पुन्हा सदऱ्यावरून लिंगाकडे गेला.

मग माझं नाव पुकारलं. मी फाईल घट्ट धरून बसूनच राहिले. त्यांच्या गाडीची वेळ झाली होती, तरी त्यांनी पिशवी बाकावर ठेवली आणि ते पुन्हा बसले.

"जावा तुम्ही. तुमचं होईस्तोवर मी हितंच हाय."