मधल्या महिन्याचे स्टेशनमास्तर

लक्ष्मण सिडाम कोणत्याही प्रश्नाचे उत्तर लगेच देत नसत. आधी तो प्रश्न विचारणाऱ्यालाच परत म्हणून दाखवत. "चहा घेता का?" असे विचारले तर म्हणत, "चहा घेता का, असं विचारलं तुमी. बरोबर?" समोरच्याने नुसती मान हलवून भागत नसे. तोंडाने 'बरोबर' म्हणावे लागे. मग ते 'हाव', म्हणजे हो, म्हणत, आणि तोवर चहावर साय आलेली असे.

छत्तीस वर्षे रेल्वेत काढलेल्या माणसाची ही सवय होती. बल्लारपूरकडे जाणाऱ्या एकेरी मार्गावर, जंगलातल्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची नोकरी झाली. तिथे गाडी सोडण्याआधी स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनला फोन करून 'लाइन क्लिअर', म्हणजे मधला रूळ मोकळा असल्याची हमी, मागतो. पुढचा मास्तर निरोप जसाच्या तसा परत म्हणतो आणि खात्री म्हणून छापील यादीतला एक दोन आकडी नंबर सांगतो. हा 'प्रायव्हेट नंबर' दोन्हीकडे लिहून झाला की गाडी सुटते. निरोपातला अर्धा भाग गळाला, तर एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ शकतात. "माह्या छत्तीस वरसांत आल्या नाईत," एवढेच ते सांगत.

आमची ओळख फोनवर झाली. पहिले महायुद्ध संपल्याला शंभर वर्षे झाली तेव्हा आमच्या दैनिकाच्या चंद्रपूर आवृत्तीत मी एक टिपण लिहिले होते. ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि युरोपात युद्ध पेटले, असे त्याचे पहिले वाक्य होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात फोन आला. पलीकडच्या माणसाने ते वाक्य मला संपूर्ण वाचून दाखवले आणि विचारले, "असंच छापलं तुमी. बरोबर?"

"बरोबर."

"युवराज मेला अठ्ठावीस जूनले. लढाई जाहीर झाली अठ्ठावीस जुलैले. मधातला महिना कुठी गेला जी?"

ते म्हणाले, "खून तर इथी भी होते. खुनानं लढाई लागत नाई. त्या महिन्यात कोणी कोणाले काय निरोप देल्ला, थे पाहा." आणि फोन ठेवण्याआधी सवयीने एक आकडा सांगितला. मी तो लिहून घेतला नाही, याचे त्यांना पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होते.

या युद्धाशी त्यांचा संबंध कोणा प्रवाशाच्या विसरलेल्या पुस्तकामुळे आला. तरुणपणी एका स्टेशनच्या प्रतीक्षालयात त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडले. मुखपृष्ठ फाटलेले, नाव-लेखक काही नाही. इंग्रजी त्यांना रेल्वेच्या नियमपुस्तकापुरते येत होते. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात शब्दकोश घेऊन ते वाचू लागले आणि पाच महिन्यांत दोनशे पानांवर आले. तेव्हा वरिष्ठ तपासणीला येणार असल्याचे कळले. सापडलेली वस्तू वेळेत जमा करायला हवी होती, हे आठवून त्यांनी पुस्तक पार्सल करून पाठवून दिले. त्यांचे वाचन युद्ध पेटण्याआधीच, त्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अडकले. पुढची तीस वर्षे ते त्या पुस्तकाची दुसरी प्रत शोधत होते. नाव माहीत नसल्यामुळे त्या युद्धावरचे जे पुस्तक मिळेल ते विकत घेत, दोनशेव्या पानाच्या आसपास उघडून पाहत, आणि "हे नाई" म्हणत. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत.

निवृत्तीनंतर ते गडचिरोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी राहायला गेले. घराच्या पडवीत त्यांनी भिंतीवर युरोपचा नकाशा रंगवला होता. त्यात देशांच्या सीमा नव्हत्या, फक्त रेल्वेमार्ग होते. पहिल्या भेटीत मी कारण विचारले. प्रश्न परत म्हणून झाल्यावर ते म्हणाले, "सीमा लढाईनंतर बदलल्या. रूळ तिथीच राह्यले."

त्या नकाशासमोर बसून ते मला युद्ध सांगत. एका बाजूला ऑस्ट्रिया आणि जर्मनी, दुसऱ्या बाजूला रशिया, फ्रान्स, इंग्लंड. प्रत्येकाने दुसऱ्याला शब्द दिलेला, की तुझ्यावर आले तर मी येईन. "शब्द देल्ला यात वाईट काही नाई," ते म्हणत. "सोयरे आपण भी धावून जातो. लेकिन कशाले धावून राह्यलो, थे तर विचारा." सर्बियाचा प्रसंग त्यांना पाठ होता. युवराजाच्या खुनासाठी सर्बियाला जबाबदार धरून ऑस्ट्रियाने अटी घातल्या आणि अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली. सर्बियाने मुदतीत उत्तर दिले. बहुतेक अटी मान्य केल्या, एका मुख्य अटीवर नकार दिला. ऑस्ट्रियाच्या राजदूताने आपले सामान आधीच बांधून ठेवले होते. उत्तरावर नजर टाकून तो अर्ध्या तासात निघाला.

"साडेसहाची गाडी पकडली जी त्यानं," सिडाम प्रत्येक वेळी त्याच खेदाने सांगत. "मी असतो त्या स्टेशनात, तर गाडी लेट केली असती."

जर्मनीच्या सम्राटाने ते उत्तर तीन दिवसांनी वाचले आणि आता लढाईचे कारण उरले नाही, असा शेरा मारला. त्याच दिवशी लढाई जाहीर झाली. पुढे त्याने फ्रान्सकडे निघालेले सैन्य रशियाकडे वळवायला सांगितले, तेव्हा सेनापतीने गाड्यांचे वेळापत्रक बदलता येत नाही असे सांगितले. युद्धानंतर जर्मन सैन्याच्याच रेल्वेखात्यातल्या एका अधिकाऱ्याने, ते बदलता आले असते, असे लिहून दाखवले. हे सांगताना सिडाम यांचा आवाज किंचित चढे. "आलं असतं बदलता. मले विचारा. निघालेली गाडी सिग्नलवर थांबते."

पुढच्या चार वर्षांबद्दल ते कमी बोलत. खंदक, काटेरी तारा, विषारी वायू, मशीनगन, सारे त्यांनी वाचले होते. लढायांच्या तारखा ते सांगत नसत. भद्रावतीकडून कोळशाचे डबे यायचे, त्यांची आठवण सांगत. "तसेच तोफगोळे यायचे तिथी. भरलेले डबे वर जात, त्याच डब्यांतून जखमी खाली येत. चार वरसं गाड्या टाइमात चालल्या. हेच तर वाईट झालं."

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, मोहफुले वेचण्याच्या दिवसांत, त्यांच्या गावाचा शेजारच्या गावाशी तंटा झाला. गावांची नावे मी तेव्हा छापली, ती छापायला नको होती. इथे त्यांना वरचे आणि खालचे गाव म्हणतो. सिडाम वरच्या गावचे. त्यांची एकुलती मुलगी सुनंदा खालच्या गावात दिलेली. मध्ये एक नाला आणि त्यावर रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. खालच्या गावच्या तिघांनी फुले वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून मोहाच्या झाडाखालचा पालापाचोळा पेटवला, आग नाला ओलांडून गेली आणि वरच्या गावाच्या ग्रामसभेने तोडणीसाठी राखलेले बांबूचे रान जळाले. मुद्दाम लावली, असे वरच्या गावाला वाटले. त्यांनी निरोप धाडला: तिघांना आमच्या ग्रामसभेपुढे आणा, बांबूची भरपाई करा आणि नाल्याकाठच्या मोहाच्या झाडांवरचा हक्क सोडा. मुदत शुक्रवारपर्यंत. बुधवारी वरच्या गावचा माणूस खालच्या गावाचे उत्तर घेऊन आला. वरच्या गावाला आणखी तीन गावांनी शब्द दिला, खालच्या गावाला दोन गावांनी.

गुरुवारच्या अंकात माझी बातमी आली. वरच्या गावच्या एका पदाधिकाऱ्याने फोनवर दिलेली. मथळा होता, 'झाडांवरचा हक्क सोडण्यास नकार'. सकाळी सात वाजता सिडाम यांचा फोन आला. त्यांनी बातमी संपूर्ण वाचून दाखवली.

"बरोबर?"

"बरोबर."

"हे खालच्या गावानं तुमाले सांगतलं का?"

"नाही. वरच्या."

"मंग त्यांच्या जवाबातलं पुढचं कुठी हाय?"

ते एवढेच बोलले. रागावले असते तर बरे वाटले असते.

शुक्रवारी सकाळी मी रपट्यावर पोहोचलो तेव्हा वरच्या बाजूला शंभरेक माणसे जमली होती. हातांत काठ्या आणि कुऱ्हाडी. काहींजवळ आमचा अंक होता. सिडाम रपट्याच्या मधोमध घरची लाकडी खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यासमोर वरच्या गावचे पाटील, रामजी, उभे होते. दोघे एकाच शाळेत शिकलेले.

"उठ लक्ष्मण. रस्ता सोड."

"रस्ता सोड म्हणालास. बरोबर. सोडतो. पयले त्यांचा जवाब म्हणून दाखव."

"नाई म्हणाले थे. पेपरात हाय ना!"

"नाई कशाले म्हणाले? आन हाव कशाले म्हणाले?"

गर्दीतून कोणीतरी ओरडले, "पोरगी तिकडे हाय, म्हणून झोंबून राह्यलं बुढ्याले!"

"हाव, झोंबते," सिडाम म्हणाले. "तुई बहीण भी तिकडेच हाय रे. तुले काऊन नाई झोंबत?"

थोडे हसू उमटले. सिडाम यांनी मोबाइल काढला, खालच्या गावच्या सरपंचांना लावला आणि आवाज मोठा केला. "सरपंच, तुमी जो जवाब देल्ला थो हळूहळू बोला. एकेक वाक्य. रामजी परत म्हणते."

"मी काय तुया फाटकावरचा गेटमन हाओ काय?" रामजी पाटील तडकले.

"नाई. तू पाटील हाय. म्हणूनच तू म्हण."

फोनमधून आवाज आला, "तिघंही सभेपुढं येतील." मग रामजी पाटील जमिनीकडे पाहत म्हणाले, "तिघंही सभेपुढं येतील." दुसरे वाक्य आले: बांबूच्या बदल्यात आमचे गाव पुढच्या हंगामात तुमच्या रानात राबेल. तेही त्यांनी म्हटले. या वेळी मोठ्याने, कारण मागच्यांना ऐकू येत नव्हते. तिसरे वाक्य झाडांचे होते. हक्क सोडत नाही, पण दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवावे, ते आम्ही मान्य करू. पाटलांनी तेही म्हटले आणि मग मागे वळून विचारले, "हे मले कोणी सांगतलं नाई काऊन?" निरोप आणणारा गर्दीत होता, मीही होतो.

"आता मदतीले येणाऱ्या सोयऱ्यांचे ट्रॅक्टर थांबव," सिडाम म्हणाले.

"थे तर निघाले."

"फोन लाव. सिग्नल दे."

दोन ट्रॅक्टर वाटेतून परतले. तिसऱ्यातली माणसे येऊन पोहोचली. त्यांना पाणी पाजून परत पाठवले. सरपंचांनी फोन ठेवण्याआधी सिडाम यांनी त्यांच्याकडे एक आकडा मागितला. त्यांना काही कळेना. शेवटी ते गोंधळून म्हणाले, "सतरा." सिडाम यांनी तो खिशातल्या वहीत लिहिला, पाटलांनाही सांगितला, आणि खुर्ची उचलून घरी गेले.

शनिवारी मी संपूर्ण उत्तर पहिल्या पानावर छापले, आणि आधीची बातमी अर्धी होती हेही. झाडांचा प्रश्न पावसाळ्यापर्यंत चालला. एका मोठ्या मोहाच्या झाडावरून दोन्ही गावे अजूनही कुरकुरतात. पुढे मी एकदा सिडाम यांना म्हटले की, त्या दिवशी तुम्ही युद्ध थांबवले. त्यांनी माझे वाक्य परत म्हटले आणि या वेळी 'बरोबर' विचारले नाही. म्हणाले, "मी काही थांबवलं नाई जी. लाइन क्लिअर मागितली. पुढचा नाई म्हणाला असता, तर माह्या खुर्चीचं काय झालं असतं, पाहा."

या जानेवारीत एका सकाळी सुनंदाबाईंचा फोन आला. आवाज स्थिर होता. "भाऊ, बाबा आज सहा वाजता गेले. माती दोन वाजता, वरच्या गावाले. आमचं गाव रपट्यावरून येऊन राह्यलं. सगळे."

मी काही विचार न करता म्हणालो, "बाबा आज सहा वाजता गेले. माती दोन वाजता, वरच्या गावाला. तुमचं गाव रपट्यावरून येतं आहे. सगळे."

मग त्या म्हणाल्या, "बरोबर." आणि पुढे म्हणाल्या, "बत्तीस."

मी वेळ आणि आकडा लिहून घेतला, आणि निघालो.